शब्द पाठ, पण जोडी चुकली

गेल्या पावसाळ्यात एका भेंडीच्या शेतावर सकाळीच पोचलो, तर क्रेट टेम्पोत चढत होते. बांधावर औषधाची बाटली दिसली.

"अण्णा, फवारणी कधी केली?"

"काल सकाळीच की, साहेब."

मी चमकलो. "लेबल वाचलं नाही का?"

"वाचलं ना! थोरल्यानं वाचून दाखवलं. बारावी सायन्सला आहे तो."

पोरगा खरोखरच हुशार. 'वेटिंग पीरियड' हे शब्द त्याने न अडखळता वाचले होते. वेटिंग म्हणजे थांबणे, पीरियड म्हणजे शाळेतला तास. दोन्ही शब्द त्याला लहानपणापासून ठाऊक. म्हणून फवारणी झाल्यावर बापलेक तासभर शेताबाहेर बसून राहिले! पण हे दोन शब्द लेबलावर शेजारी आले की अर्थ होतो, शेवटच्या फवारणीनंतर तोडणीपर्यंत सोडायचे दिवस. औषध बदलले, पीक बदलले की हे दिवसही बदलतात. त्या भेंडीचे दिवस अजून भरायचे होते. क्रेट खाली घेतले, माल खड्ड्यात पुरला, जनावरांनाही घालू दिला नाही. वहिनी एक शब्द बोलल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा मला पुढे चार दिवस दिसत होता. (मराठी माहितीपत्रक बाटलीसोबत येते, ते खोक्यातच राहते, हे दुखणे वेगळे.)

पोराला मी रागावलो नाही. आम्हीही तसेच शिकलो. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असे. आपल्या राज्यात २००० सालापासून ते पहिलीपासून सुरू झाले. वर्षे वाढली, पण घोकंपट्टी बरीचशी तीच राहिली. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. कृषी महाविद्यालयात पहिल्या वर्षी मी जोराच्या पावसाला पेपरात 'स्ट्राँग रेन' लिहून आलो, सरांनी त्यावर लाल गोल काढला. पाऊस 'हेवी', वारा मात्र 'स्ट्राँग', आणि चहासुद्धा 'स्ट्राँग'. असे का, तर ती माणसे तशी बोलतात म्हणून.

आपलेच बघा ना. आपण कापूस वेचतो, ऊस तोडतो, भुईमूग उपटतो, आंबे उतरवतो, हरभऱ्याची भाजी खुडतो. शहरातला पाहुणा 'ऊस वेचला' म्हणाला, तर बाया पदराआड हसतील. शब्द त्याला दोन्ही येतात, जोडी येत नाही. तुम्हाला हे कुणी शिकवले नाही. आईच्या मागे शेतात हिंडताना कानावर पडले. आपल्या पोरांच्या कानावर इंग्रजी तसे पडत नाही, म्हणून जोडी मुद्दाम शिकावी लागते.

जाणत्यांनी हे फार पूर्वीच ओळखले होते. हॅरॉल्ड पामर यांनी जपानात शिकवताना, १९३३ साली, अशा जोड्यांचा एक अहवालच काढला. जे. आर. फर्थ हे एके काळी लाहोरला इंग्रजीचे प्राध्यापक होते. शब्दाची ओळख त्याच्या सोबत्यांवरून पटते, असे त्यांचे म्हणणे.

घोटाळा होतो तो मराठीवरून इंग्रजीत जाताना. आपण अभ्यासही 'करतो' आणि चूकही 'करतो'. इंग्रजीत होमवर्कला 'डू' लागते, मिस्टेकला 'मेक'. परीक्षा आपण 'देतो', तिथे विद्यार्थी ती 'टेक' करतो.

तेव्हा पोराला सुटा शब्द पाठ करू देऊ नका. वहीत 'रेन' न लिहिता 'हेवी रेन' लिहू द्या. शब्दकोश उघडला तर नुसता अर्थ बघून मिटू नये, खालचे वाक्यही उतरून घ्यावे. रोज दोनच जोड्या पुरेत. घरातल्या माउलीला इंग्रजी येत नसले तरी हा अभ्यास घेता येतो. भाकरी थापता थापता विचारावे, "चूक करणे कसं म्हणशील?" पोराने 'मिस्टेक' एवढेच सांगितले, तर लगेच विचारावे, "आणि 'करणे' कुठं गेलं?"

महिन्याभराने पुन्हा त्या शेतावर गेलो. थोरल्याने वही केली होती. पहिल्या ओळीला 'वेटिंग पीरियड', खाली तणनाशकाच्या बाटलीवरून उतरलेले 'प्री-इमर्जन्स'. याचा संबंध इमर्जन्सीशी नसून उगवणीपूर्वी फवारण्याशी आहे, हे त्याने शिक्षकांना विचारून लिहिले होते. तिसऱ्या ओळीवर मात्र गाडी अडली होती.

"साहेब, 'नॅपसॅक स्प्रेअर' म्हणजे काय? नॅप म्हणजे डुलकी, सॅक म्हणजे दप्तर."

"अरे, तुझ्या वडिलांच्या पाठीवर आहे बघ," मी म्हणालो. अण्णांनी पाठीवरचा पंप चाचपला आणि वहिनी त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या.