जपानी खानावळीतला परका पाहुणा

(बी. ए. द्वितीय वर्ष)

मागच्या वर्षी वक्तृत्व स्पर्धेसाठी मी वडिलांबरोबर पुण्याला गेले होते. दोघांनाही सपाटून भूक लागलेली. समोर दिसले त्या हॉटेलात शिरलो, तर वेटरने एक जाडजूड पुस्तक पुढे ठेवले. सगळे इंग्रजीत. वडील म्हणाले, "तू वाच, तू कॉलेजला जातीस." अक्षरे लागत होती, पण पदार्थ एकही कळत नव्हता. शेवटी सगळ्यात कमी किमतीवर बोट ठेवले. दोन वाट्या सूप आले. वडिलांनी ते मुकाट्याने पिऊन टाकले आणि हळूच विचारले, "आमटी झाली, भाकरी कवा आणत्याल?" वेटर हसला. त्याचे ते हसणे मी अजून विसरलेले नाही.

पुढे ग्रंथालयात पु. ल. देशपांडे यांचे 'पूर्वरंग' हाती आले. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रवासवर्णनात जपानचीही सफर आहे. ते वाचताना मनात आले, इंग्रजीपुढे आपली ही गत, तर जिथे एकही अक्षर ओळखीचे नाही तिथे परका माणूस जेवण मागतो कसा? मी जपान पाहिलेला नाही. वाचून आणि जाऊन आलेल्यांना विचारून जे कळले, ते वाचकांपुढे ठेवते.

जपानी भाषा तीन लिप्या एकत्र मिसळून लिहितात. त्यांतल्या कांजी या चिनी वळणाच्या लिपीची नित्य वापरातली चिन्हेच २१३६ आहेत. म्हणजे आपल्याकडचा डॉक्टर असो की प्राध्यापक, टोकियोच्या स्टेशनाबाहेर पाऊल टाकले की तो माझ्या आईच्या पंगतीला येऊन बसतो. आई दरसाल ऊसतोडीला जाते. तिला एस. टी.ची पाटी वाचता येत नाही. हॉटेलात ती शेजारच्याच्या ताटाकडे पाहते आणि म्हणते, "त्यांनला दिलं तेच द्या."

जपानात नेमकी हीच रीत दुकानदारांनी दारात आणून ठेवली आहे. पुष्कळ खानावळींच्या दर्शनी भागात काचेचे कपाट असते आणि त्यात प्रत्येक पदार्थाची हुबेहूब प्रतिकृती मांडलेली असते. वाडग्यातल्या शेवया, त्यावरचे अर्धे उकडलेले अंडे, तळणीचा खरपूस रंग, सारे खऱ्यासारखे. पूर्वी या प्रतिकृती मेणाच्या करीत, आता प्लॅस्टिकच्या करतात. गुजो हाचिमान या गावच्या ताकिझो इवासाकी यांनी १९३२ साली ओसाका शहरात हा धंदा उभा केला. मेणाचे आम्लेट ही त्यांची सुरुवातीची प्रसिद्ध कृती.

मला यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटली ती वेगळीच. ही सोय मुळात परदेशी पाहुण्यांसाठी झालीच नव्हती. त्या काळी शहरांतल्या मोठ्या दुकानांच्या भोजनगृहांत पाश्चात्त्य पदार्थ नव्याने मिळू लागले होते. गावाकडून आलेल्या जपानी माणसालाच त्यांची नावे वाचून काही बोध होत नसे. त्याने विचारावे आणि ओशाळावे, त्यापेक्षा पदार्थच दाखवलेला बरा, असा हा व्यवहार. हे वाचले आणि वडिलांची 'आमटी' आठवून मला जरा हलके वाटले.

तर परक्याने करायचे ते इतकेच. दारावर नोरेन नावाचा अर्धा कापडी पडदा लोंबत असेल तर दुकान चालू आहे असे समजावे. आत शिरताना किती माणसे ते बोटांनी दाखवावे. वाढप्याला "सुमिमासेन" म्हणून हाक मारावी, काचेपाशी न्यावे आणि बोट ठेवून "कोरे ओ कुदासाइ", म्हणजे "हे द्या", म्हणावे. 'तेइशोकु' मागितले की भात, मिसोचे सार, लोणचे आणि एक मुख्य पदार्थ असे आपल्या राइसप्लेटसारखे ताट येते. काही दुकानांत दाराशी यंत्र असते. त्यात आधी पैसे टाकायचे, चित्राचे बटण दाबायचे आणि निघालेले तिकीट आत द्यायचे. तोंड उघडायचीसुद्धा गरज नाही! ओसाकातच १९५८ साली योशिआकी शिराइशी यांनी सुशीच्या बशा फिरत्या पट्ट्यावर ठेवल्या. बियरच्या कारखान्यातला पट्टा पाहून त्यांना हे सुचले. आवडेल ती बशी उचलावी, शेवटी रिकाम्या बशा मोजून पैसे.

खरी अडचण आहे ती माळकऱ्यांची. 'निकु' म्हणजे मांस. "निकु नको" म्हटले तर पुढे मासळी येऊ शकते, कारण मासा हा 'साकाना', तो त्या शब्दात धरत नाहीत. दोन्ही नको असे स्पष्ट सांगितले तरी 'दाशी' उरतेच. दाशी म्हणजे साराचे मूळ पाणी. आपण फोडणी देतो तसे ते लोक दाशी वापरतात, आणि ती बहुधा वाळवलेल्या मासळीच्या किसापासून करतात. वरून निव्वळ भाजी दिसणाऱ्या वाटीतही ती असते. 'करी राइस' पाहून आपलेपणा वाटेल, पण तो पदार्थ इंग्रजांमार्फत तिकडे गेलेला. त्यात गोमांस किंवा डुकराचे मांस असू शकते. हिंदुस्थानी पद्धतीची करी टोकियोच्या नाकामुराया या दुकानात १९२७ साली मिळू लागली, ती तिथे आश्रय घेतलेले क्रांतिकारक रासबिहारी बोस यांच्यामुळे.

माळकऱ्यालाही पोटभर जेवता येईल अशी एक जागा मात्र आहे, आणि ती मराठी माणसाला परकी नाही. कोयासान या डोंगरावरच्या बौद्ध क्षेत्री, तिथल्या विद्यापीठात, सप्टेंबर २०१५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पुतळ्याचे अनावरण मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते झाले. तिथल्या पन्नासहून अधिक मठांत यात्रेकरूंची राहण्याची सोय होते. जेवण 'शोजिन र्योरी', म्हणजे भिक्षूंचे. मांस नाही, मासे नाहीत, आणि आपल्या चातुर्मासासारखे कांदा-लसूणही नाही. दाशी करतात ती समुद्रशेवाळाची आणि वाळवलेल्या अळिंब्यांची. तिळाच्या दुधात कुझु नावाच्या कंदाचे सत्त्व घालून घोटलेली मऊ वडी हा तिथला खास पदार्थ. तीळ आमच्याही रानात होतो. तो इतका मऊ होऊ शकतो हे मात्र ठाऊक नव्हते. इथे मागायचे काहीच नसते. पंगतीत बसावे तसे बसायचे, लाखेच्या तबकांत येईल ते खायचे.

काड्यांनी जेवणे सवयीने जमते म्हणतात. पण भातात काड्या उभ्या खोचू नयेत. तसा भात मृताच्या नावाने ठेवतात. आपल्याकडे पिंड म्हटले की जे मनात येते, तेच तिथे.

पैसे गल्ल्यावर तबकडीत ठेवायचे. वर बक्षिसी द्यायची नाही. निघताना "गोचिसोसामा" म्हणायचे, म्हणजे जेवण छान झाले.

हे सारे मी घरी सांगितले तेव्हा आई भाकरी थापत होती. तिने एवढेच विचारले, "काचंत दावत्यात तेवढंच ताटात येतं का, का कमी?"