विजेचे जाळे आणि बदलते हवामान

(द्वितीय वर्ष कला, भूगोल)

वीज कोठे तयार होते हे आपल्याला शाळेतच शिकवितात. कोयनेचे धरण, चंद्रपूरचा कोळसा, तारापूरची अणुभट्टी ही नावे परीक्षेपुरती का होईना, प्रत्येकाला पाठ असतात. पण ती वीज आपल्या विहिरीवरच्या मोटारीपर्यंत कशी येते आणि वाटेत तिला काय काय सोसावे लागते, हे सहसा कोणी सांगत नाही. हवामानबदलावर हल्ली पुष्कळ लिहिले जाते. त्यातही भर असतो तो वीजनिर्मितीवर. कोळसा कमी करा, सूर्याची वीज वाढवा, असे सांगितले जाते. ज्यांच्याकडे खांब, तारा आणि डीपी सांभाळण्याचे काम आहे, ते या बदलाला कसे तोंड देतात हा प्रश्न मागेच राहतो. मी शिरूर-चौफुला रस्त्यावरच्या एका खेड्यातून रोज एसटीने महाविद्यालयात येते. भीमेच्या एका काठाला शिरूर तालुका, दुसऱ्या काठाला दौंड. दोन्हीकडे ऊस, आणि उसावरून गेलेल्या तारा. त्या तारांविषयी मला लिहावयाचे आहे.

आधी व्यवस्था थोडक्यात सांगते. १९६० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे जून २००५ मध्ये विभाजन झाले. महानिर्मिती वीज तयार करते, महापारेषण ती उंच मनोऱ्यांवरून वाहून नेते आणि महावितरण ती गावोगाव पोचविते. (मुंबई शहराची तऱ्हा निराळी आहे.) पुणे-नगर रस्त्यावर लोणीकंदला ४०० केव्हीचे, म्हणजे चार लाख व्होल्टचे केंद्र आहे. अशा केंद्रातून पायरीपायरीने दाब उतरवीत वीज आपल्या भागातल्या सबस्टेशनला येते, तेथून ११ केव्हीच्या फीडरवर जाते आणि शेवटी डीपीतून मोटारीला मिळते. गावठाणाचा फीडर वेगळा आणि शेतीचा वेगळा. शेतीच्या फीडरला थ्री फेज वीज ठरावीक तासच असते, हे आपल्यापैकी बहुतेकांना सांगावयास नको.

हे जाळे उभारताना इंजिनिअर मंडळी एक हवामान गृहीत धरतात. उन्हाळ्यात पारा कोठवर चढेल, वारा किती जोराचा असेल, पाणी कोठपर्यंत येईल, यांचे आकडे धरून खांबाची उंची आणि तारेची जाडी ठरते. खांब एकदा रोवला की तो तीस-चाळीस वर्षे उभा असतो. या काळात आकडे बदलले तर काय करावयाचे, ही खरी अडचण आहे.

उन्हाचेच पाहा. ॲल्युमिनियमची तार तापली की लांबते. दोन खांबांत ६० मीटर अंतर असेल आणि तार ३० अंशांनी तापली, तर ती जेमतेम दोन बोटे लांबते. एवढ्याने काय होणार, असे वाटेल. पण ही दोन बोटे मध्यभागी झोळाच्या रूपाने उतरतात, आणि तेथे तार चांगली वीतभर खाली येते. शिवाय तार दोन कारणांनी तापते, बाहेरच्या उन्हाने आणि आतून वाहणाऱ्या विजेने. एप्रिल-मे महिन्यांत ही दोन्ही कारणे एकदमच येतात, कारण ऊन वाढले की पिकाला पाणी जास्त लागते आणि साऱ्या मोटारी एका वेळी सुरू होतात. रस्ता ओलांडणारी ११ केव्हीची तार जमिनीपासून किमान ६.१ मीटर उंच असावी असा नियम आहे. उसाने शिगोशीग भरलेली ट्रॉली अशा तारेखालून जाताना ड्रायव्हर मान वर करून का पाहतो, ते यावरून कळेल.

डीपीचेही तसेच आहे. तिच्यातले तेल आतली उष्णता बाहेर टाकते. आतले वेटोळे मर्यादेपेक्षा सहा-सात अंश जास्त तापत राहिले तर त्यावरच्या कागदी वेष्टणाचे आयुष्य निम्म्यावर येते, असा या शास्त्रातला ढोबळ नियम आहे. पूर्वी रात्री गारवा असे, डीपीला विसावा मिळे. आता रात्रीही गरम असतात आणि शेतीच्या फीडरवर रात्रीच मोटारी चालतात. त्यात कोणी आकडा टाकला की विचारूच नका. डीपी जळाली म्हणजे दुसरी येईपर्यंत उभे पीक वाळते. म्हणून २०१८ पासून महावितरणने एका किंवा दोन शेतकऱ्यांना मिळून एक लहान डीपी देण्याची उच्चदाब वितरण प्रणाली आणली. एका मोठ्या डीपीवर वीस मोटारी आणि सगळ्यांचे एकमेकांकडे बोट, हा प्रकार त्यामुळे टळतो. पद्धत खर्चाची आहे, पण मला ती पटते.

झोळ पडलेल्या तारांचा आपल्या भागात आणखी एक अर्थ आहे. वारा सुटला की दोन तारा एकमेकींना घासतात, ठिणगी उडते, आणि खाली तोडणीला आलेला ऊस व वाळलेले पाचट असते. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या अशा आगींच्या बातम्या वर्तमानपत्रांत नेहमी वाचावयास मिळतात. जळालेला ऊस लगेच गाळपाला गेला नाही तर वजन घटते. वर्षभराची मेहनत तासाभरात जाते. यावर उपाय साधे आहेत. दोन खांबांच्या मध्ये तिसरा खांब रोवणे, तारा ताणून घेणे, त्यांच्यामध्ये प्लॅस्टिकचे स्पेसर बसविणे. साधे असले तरी हजारो किलोमीटर तारांवर ते करावयाचे म्हणजे माणसे लागतात. ही अडचण केवळ आपली आहे असेही नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात नोव्हेंबर २०१८ मध्ये मनोऱ्यावरचा सुमारे शंभर वर्षांचा झिजलेला एक हूक तुटला, तार सुटली, आणि दुष्काळाने वाळलेल्या रानात पेटलेल्या आगीत पॅराडाइज नावाचे गाव राख झाले. ८५ माणसे मेली. वीज कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि पुढे न्यायालयात गुन्हा कबूल केला. त्यानंतर तेथे जोराचा वारा आणि कोरडी हवा असेल तेव्हा कंपनी आपणहून वीज बंद करते. लोक रागावतात, पण तारा जमिनीखाली जाईपर्यंत तिच्यापाशी याहून स्वस्त उपाय नाही.

वादळाचा धडा आपल्या राज्याला ३ जून २०२० रोजी मिळाला. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि पुणे जिल्ह्यातून पुढे गेले. हजारो खांब आडवे झाले. श्रीवर्धन, म्हसळा या भागांतल्या गावांत कित्येक आठवडे वीज नव्हती. दुसऱ्या जिल्ह्यांतून तुकड्या पाठविण्यात आल्या. आमच्या ओळखीचा एक वायरमन त्यांत होता. तो सांगतो, रस्ते झाडांनी बंद, क्रेन पोचत नाही, जांभ्या दगडात खड्डा खणावयाचा आणि खांब खांद्यावरून न्यावयाचा. वरून पाऊस, आणि करोनामुळे गावात कोणी घरात घेत नाही. वर्षभराच्या आत, मे २०२१ मध्ये तौक्ते आले. किनाऱ्यावरच्या अलिबाग, रत्नागिरी, सातपाटी या ठिकाणी तारा जमिनीखालून नेण्याचे काम राष्ट्रीय चक्रीवादळ प्रकल्पातून हाती घेण्यात आले. भूमिगत तार वाऱ्याने पडत नाही हे खरे. पण ती उघड्या तारेच्या कितीतरी पट महाग असते, आणि तिच्यात बिघाड झाला तर तो शोधण्यास वेळ लागतो. आपल्या रानावनात ती येण्याची आशा मी तरी धरलेली नाही.

पाण्याचे संकट याहून निराळे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला महापूर आला तेव्हा सबस्टेशनेच पाण्यात गेली आणि वीज बंद ठेवावी लागली. अशा ठिकाणी यंत्रे उंच ओट्यावर नेणे किंवा केंद्रच हलविणे हाच मार्ग असतो. भीमा आणि घोडच्या काठी आपण दुसऱ्या तऱ्हेने शहाणे झालो आहोत. धरणातून पाणी सोडणार अशी सूचना आली की लोक नदीवरच्या मोटारी काढून वर आणतात. पण सूचनेलाही वेळापत्रक असावे लागते. मे २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात दौंड, बारामती, इंदापूर या एरवी टँकर मागणाऱ्या भागात धो धो पाऊस पडला आणि मोसमी पाऊसही नेहमीपेक्षा किती तरी आधी आला. पावसाळ्यापूर्वी फांद्या छाटणे, इन्सुलेटर बदलणे ही कामे एप्रिल-मेमध्ये उरकावयाची असतात. पुणेकरांना गुरुवारची बंद वीज माहीत आहे, ती याच कामांसाठी. पाऊसच मेमध्ये आला तर हे वेळापत्रक मागे सरकवावे लागणार. धुक्याचेही ऋतू राहिलेले नाहीत. एप्रिल २०२२ मध्ये ऐन उन्हाळ्यात पहाटेचे दाट धुके आणि दव यांमुळे लोणीकंद-चाकण भागातल्या ४०० केव्हीच्या वाहिन्या बंद पडल्या आणि पुणे-पिंपरी परिसर अंधारात गेला. इन्सुलेटरवर धूळ साचलेली असते, दवाने ती ओली होते आणि वीज तिच्यावरून वाट काढते.

आता मला सर्वांत महत्त्वाच्या वाटणाऱ्या गोष्टीकडे येते. शेतीला रात्री वीज का देतात?

आमचे आजोबा मोट हाकीत. मोट जड झाली की बैलांची चाल मंदावते, दोर सैल झाला की ते धावू लागतात. विजेच्या जाळ्याचे अगदी तसेच आहे. साऱ्या देशातली जनित्रे एकाच चालीने, सेकंदाला ५० आवर्तनांनी चालावी लागतात. मागणी वाढली की चाल मंदावते, घटली की वाढते, आणि थोडाही फरक फार वेळ चालत नाही. आपल्या राज्यासाठी ही चाल ऐरोली येथील राज्य भार प्रेषण केंद्र रात्रंदिवस सांभाळते. कोळशाचे केंद्र रात्री विझवून सकाळी पेटविता येत नाही. दिवसा कारखाने आणि शहरे वीज घेतात, रात्री ती उरते. मग हलविता येण्याजोगा ग्राहक कोण? शेतकऱ्याची मोटार. म्हणून अनेक वर्षे आठवड्याच्या पाळीने दिवसा आठ तास, नाही तर रात्री आठ-दहा तास, अशी वीज मिळत आली. आमचे वडील बॅटरी आणि काठी घेऊन रात्री दोनला दारे धरावयास जातात, त्याचे कारण हे आहे. उसात बिबट्या आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यात पिंपरखेड परिसरात बिबट्याने लहान मुलांचे बळी घेतले, तेव्हा रस्त्यावर उतरलेल्या लोकांनी दिवसा विजेची मागणी पुन्हा केली. वडील बांधावरून परत येईपर्यंत आमच्या घरात कोणी नीट झोपत नाही.

आणि येथे हवामानबदलाने एक विलक्षण उलटापालट केली आहे. कोळसा कमी करण्यासाठी सौर वीज वाढली. ती भर दुपारी भरपूर आणि स्वस्त असते, संध्याकाळी नाहीशी होते. म्हणजे जी मोटार रात्रीची वीज खपविण्यासाठी रात्रीत ढकलली होती, तीच आता दुपारची वीज खपविण्यासाठी दिवसा हवी आहे. शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढून जे मिळाले नाही, ते जाळ्याच्या गरजेमुळे येऊ घातले आहे.

याची सुरुवात आपल्या शेजारीच झाली. जून २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, आणि तिच्यासाठी पहिल्याने निवडलेल्या दोन गावांपैकी एक होते शिरूरपलीकडच्या पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी. (दुसरे यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी.) सबस्टेशनपासून काही किलोमीटरच्या आत काही मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारावयाचा आणि त्याची वीज थेट शेतीच्या फीडरला द्यावयाची, अशी ही कल्पना. चंद्रपूरहून येताना वाटेत जी वीज गळते ती वाचते. २०२३ मध्ये योजनेचा दुसरा टप्पा आला, त्यात जमीन देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आहे. आमच्याकडे माळरानाच्या मालकांना अचानक पाहुणे येऊ लागले, ते यामुळे.

दोन शंका मात्र राहतात. संध्याकाळी सूर्य गेल्यावर दिवे, पंखे यांची मागणी चढते, ती कशी भागवावयाची? घाटघरला २५० मेगावॅटचा प्रकल्प आहे. स्वस्त विजेच्या वेळी पाणी वरच्या धरणात चढवायचे आणि गरजेच्या वेळी खाली सोडून वीज घ्यावयाची. असे प्रकल्प आणि मोठ्या बॅटऱ्या पुष्कळ लागतील. दुसरी शंका पाण्याची. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या मोटारींचे बिल शासन भरते. वीज फुकट, तीही दिवसा, म्हणजे मोटार बंद करण्यास कोणी उठणार नाही. पावसाने दडी मारलेल्या वर्षी बोअर आणखी खोल जातील, आणि खोल पाणी उपसण्यास वीजही जास्त लागेल.

ढगाळ दिवसांचे काय, असे मला घरी विचारण्यात आले. सौर फीडरचा प्रकल्प सबस्टेशनला जोडलेला असतो, त्यामुळे ढग आले तर नेहमीच्या जाळ्यातली वीज येते. २०२४ पासूनच्या 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजनेत शेतकऱ्याने दहा टक्के भरावयाचे असतात. तो पंप स्वतःच्या पॅनेलवर चालतो, फीडरची वाट पाहावी लागत नाही, पण ढग आले की थांबतो. दोन्ही योजनांची माहिती मी वडिलांना वाचून दाखविली. त्यांनी दोन दिवस विचार केला, विहिरीत दोर सोडून पाणी मोजले, आणि तूर्त फीडरवरच राहावयाचे ठरविले.