बाटलीचें बूच

मद्याविषयीं आमच्या लेखणींतून कांहीं उतरेल असें वाचकांस कधीं वाटलें नसेल. आम्हांसही वाटलें नव्हतें. आमचे वडील बंधु या व्यसनापायीं गेले, आणि तेव्हांपासून घरांत तो शब्द उच्चारण्याचीही चोरी झाली. त्यांचाच मुलगा आज फ्रान्स देशांत लिआँ शहरीं नोकरीस आहे. गतवर्षीं त्याच्याकडे जाणें झालें, तेव्हां मनांत एक धास्ती होती, ती येथें लपवीत नाहीं.

लिआँ येथें रोन व सोन या नद्यांचा संगम आहे. शहराच्या उत्तरेस बोझोलेचे द्राक्षमळे, दक्षिणेस रोनकांठचे. त्यामुळें जेवतांना तांबडी वाइन समोर असणें हें तेथें आपल्याकडील ताकासारखेंच नित्याचें. पहिल्याच रविवारीं शेजारचे एक वृद्ध गृहस्थ जेवावयास आले. तेही निवृत्त शिक्षक. त्यांनीं आणलेली बाटली ‘कोत द्यु रोन’ची, किंमत पांच-सहा युरो. हें नांव १९३७ सालापासून कायद्यानें रक्षिलेलें आहे. ठरलेला प्रदेश व ठरलेल्या जातींचीं द्राक्षें यांवांचून तें लावतां येत नाहीं. ग्रनाश ही त्यांतील मुख्य जात, जोडीला बहुधा सिरा.

“आधीं डोळा, मग नाक, मग जीभ,” असें ते म्हणाल्याचें पुतण्यानें आम्हांस सांगितलें. त्यांनीं तृतीयांश भरलेला पेला पांढऱ्या रुमालावर तिरका धरून रंग दाखविला, हलकेंच फिरवून वास घ्यावयास लाविलें. पिकल्या फळाचा व किंचित् मिऱ्यांचा वास आला.

“काका, नको असल्यास घेऊं नका,” पुतण्या म्हणाला.

ज्याची चव ठाऊक नाहीं त्यावर निकाल कसा द्यावा, असें मनांत येऊन आम्हीं एकच घोट घेतला. तोंड हिरडा चघळल्यासारखें आवळलें. आपल्या षड्रसांतील कषाय तो हाच! द्राक्षांच्या सालींत व बियांत टॅनिन असतें; तें लाळेंतील प्रथिनांस धरून बसतें, म्हणून जीभ कोरडी पडते. नंतर दूध-साय घालून भट्टींत भाजलेल्या बटाट्यांचा घांस घेतला, तों तुरटपणा निवला. स्निग्ध पदार्थांशीं हिचें जुळतें तें यामुळेंच. ल प्युई गांवच्या हिरव्या मसुरांशींही छान जमतें, असें पाहुण्यांचें मत पडलें. मात्र आम्हीं नेलेलें लोणचें खाऊन त्यांनीं वर घोट घेतला, आणि डोळ्यांस पाणी आलें! तिखटावर मद्य अधिकच जाळतें, हा धडा त्यांस आमच्याकडून मिळाला.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं स्पष्ट सांगितलें आहे कीं, मद्याचें कोणतेंही प्रमाण निर्धोक नाहीं. म्हणून हा लेख वाचून कोणीं पेला हातीं धरावा, असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं.

पाहुणे गेल्यावर बाटली निम्मी उरली होती. पुतण्यानें तिला बूच लावून फडताळांत ठेविली, आणि पाठमोराच म्हणाला, “बाबांना हें बूच कधीं लावतां आलें नाहीं, काका.”

आम्हीं कांहींच बोललों नाहीं. पण तिसऱ्या दिवशीं पहांटे उठून आम्हीं फडताळ उघडून पाहिलें, हें कबूल केलें पाहिजे. बाटली तेवढीच होती.