जोत्याची उंची

१९८३ सालच्या डिसेंबरात आमच्या शाळेची सहल सोलापूरहून विजापूरला गेली, तेव्हा मी सातवीत होतो. डाव्या पायात कॅलिपर, काखेत कुबडी. गोलघुमटाच्या दाराशी पोहोचल्यावर सर म्हणाले, "तू इथंच बस. वर सात मजले आहेत, तुला जमायचं नाही. सगळ्यांचे डबे सांभाळ." त्यांच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. चाळीस मुलांना घेऊन निघालेल्या माणसाने काढलेली ती सोय होती. मुले कोपऱ्यातल्या मनोऱ्यातून वर गेली आणि थोड्या वेळाने घुमटातून त्यांच्या आरोळ्या येऊ लागल्या. एकेक आरोळी पुन्हा पुन्हा परतून येई. त्यांत कुणीतरी माझेही नाव घेतले. मी चाळीस डब्यांच्या मध्ये मान वर करून बसलो होतो.

त्यानंतर मी विजापूरला आणखी दोनदा गेलो. एकदा तिशीच्या आत, कुबडीवर. आणि दुसऱ्यांदा गेल्या वर्षी, चाकांच्या खुर्चीवर. भारत २०१४ मध्ये पोलिओमुक्त जाहीर झाला, पण ज्यांना लहानपणी पोलिओ झाला ती आमची पिढी अजून आहे, आणि पन्नाशीनंतर आमच्यापैकी अनेकांचे उरलेसुरले स्नायूही थकू लागतात. विजापूरचे दगड जागचे हलले नव्हते. मी मात्र दर वेळी वेगळे शरीर घेऊन त्यांच्यापुढे उभा राहिलो.

अपंग माणसाचा प्रवास हा विषय आपल्याकडे बहुधा जिद्दीच्या कथांतून येतो. त्या कथांत पायऱ्या किती होत्या, हे क्वचितच सांगितलेले असते. मी सूतगिरणीत हिशेब लिहिण्यात आयुष्य घालवले. वास्तुशास्त्र आणि इतिहास वाचनालयात बसून शिकलो. तेव्हा हिशेबनिसाच्या सवयीने, प्रस्तुत लेखात पायऱ्यांविषयीच लिहितो.

खाली बसून काय दिसते

गोलघुमट म्हणजे मुहम्मद आदिलशहाची कबर. चार भिंतींनी वेढलेला, आतून सुमारे ४१ मीटर बाजूचा एकच चौरस दालनखंड. त्यावर बाहेरून ४४ मीटर व्यासाचा घुमट. मध्ये एकही खांब नाही. चारही कोपऱ्यांवर सात मजली अष्टकोनी मनोरे आहेत आणि त्यांतल्या जिन्यांनी सुमारे ३३ मीटर उंचीवरच्या सज्जात जाता येते. हाच तो प्रसिद्ध कुजबुजणारा सज्जा. भिंतीशी पुटपुटलेला शब्द पलीकडच्या बाजूला ऐकू येतो. विजापूर पाहून आलेला माणूस पहिल्यांदा सांगतो ते हेच.

पण या इमारतीतली सर्वांत अवघड गोष्ट आवाजाची नाही. चौरस भिंतींवर गोल घुमट ठेवायचा कसा, हा खरा प्रश्न होता. कारागिरांनी तो आठ कमानींनी सोडवला. एक चौरस घ्या, त्यावर तेवढाच दुसरा चौरस पंचेचाळीस अंशांत फिरवून ठेवा. दोन्हींच्या बाजू जिथे एकमेकींना छेदतात तिथे आत एक अष्टकोन तयार होतो. या बाजूंच्या जागी कमानी उभारल्या की त्या वर जाताना एकमेकींत गुंफतात आणि मोकळी जागा आक्रसत अष्टकोनापर्यंत येते. त्यावर वर्तुळ सहज बसते. शिवाय आत झुकलेल्या या बांधकामाचे वजन घुमटाच्या बाहेर रेटण्याच्या जोराला तोलून धरते. हीच युक्ती विजापूरच्या जामा मशिदीच्या घुमटाखालीही वापरलेली आहे.

ही गुंफण उलगडून पाहायची तर जमिनीवरूनच पाहावी लागते. सज्जात उभा असलेला माणूस तिच्या माथ्यावर उभा असतो. सातवीतल्या मला त्या कमानींचे गणित कळले नव्हते. पण त्या तासाभरात माझ्याजवळ पाहायला दुसरे काही नव्हते, म्हणून मी त्याच पाहिल्या. पुढे हेन्री कझिन्स यांचा विजापूरच्या वास्तूंवरचा १९१६ सालचा ग्रंथ हाती लागला, तेव्हा त्यातल्या आकृत्या मला ओळखीच्या वाटल्या. माझ्या अभ्यासाची सुरुवात तिथून झाली.

याचा अर्थ वर न जाता आल्याने माझे काही बिघडले नाही, असा कुणी काढू नये. सज्जाबद्दल मी आजवर जे लिहिले ते दुसऱ्यांच्या शब्दांवर विसंबून लिहिले. संशोधन करणाऱ्याला ही गोष्ट बोचते.

आजारी राजाची कबर

दुसऱ्या भेटीच्या आधी वाचताना एक नोंद माझ्या नजरेत भरली. मुहम्मद आदिलशहाने १६२७ पासून १६५६ पर्यंत राज्य केले. पण १६४६ पासून तो गंभीर आजारी होता आणि उरलेल्या दहा वर्षांत कारभारात राणी बडी साहेबिणीचा हात मोठा होता. मराठी वाचकाला ही दहा वर्षे चांगली माहीत आहेत. शिवाजी महाराजांच्या आरंभीच्या हालचालींची, तोरण्याची ही वर्षे. आपल्या पुस्तकांत आदिलशहाचे आजारपण एका वाक्यात येते, आणि ते स्वराज्याला मिळालेली संधी म्हणून. ते राजकीय दृष्ट्या योग्यच आहे. पण अधू पाय घेऊन त्या कबरीपुढे बसल्यावर मला दुसरे वाक्यही सुचले: ज्या इमारतीची उंची पाहायला आपण जातो, तिचा धनी आयुष्याच्या शेवटी स्वतःच दुखणाईत होता.

राजाला पायऱ्यांची फिकीर करण्याचे कारण नव्हते. पालखी होती, ती वाहणारे भोई होते. जुन्या शहरांतल्या उंच जोत्यांकडे पाहताना आपण हे विसरतो. दख्खनच्या वास्तू चौथऱ्यावर उभारलेल्या असतात. त्याने इमारत ओलीपासून वाचते, दुरून उठून दिसते, आणि आत येणाऱ्याला आपण वर चढतो आहोत याची जाणीव होते. मानमरातबाची ही भाषा होती. पण ज्याला चढवत नसे आणि ज्याच्याकडे सत्ता होती, त्याला उचलणारी माणसे होती. पुढे राज्य गेले आणि वास्तू सर्वांसाठी खुल्या झाल्या. भोई गेले, ते योग्यच झाले. त्यांच्या जागी मात्र बराच काळ काहीच आले नाही. पायऱ्या तेवढ्या राहिल्या.

हे मला इब्राहिम रोझ्यावर कळले. शहराच्या पश्चिमेला, तटाबाहेर, एकाच चौथऱ्यावर समोरासमोर कबर आणि मशीद, मध्ये कारंजाचे टाके. दुसरा इब्राहिम आदिलशहा इथे दफन आहे. भिंतींवर अक्षरे कोरलेली आहेत आणि काही खिडक्यांच्या जाळ्या तर अक्षरांच्याच बनलेल्या आहेत. अक्षरांच्या फटींतून उजेड आत येतो. मला ती अक्षरे जवळून पाहायची होती. कुबडी घेऊन मी चौथऱ्याखाली उभा होतो. तिथल्या दोघा माळीकाम करणाऱ्यांनी मला पाहिले. एक जण म्हणाला, "अण्णा, हात गळ्यात टाका." त्यांनी मला उचलून वर नेले.

त्या दोघांचा मी ऋणी आहे. तरीही उचलले जाणे ही काय गोष्ट असते, ते सांगायला हवे. वर गेल्यावर माणूस घाई करतो, कारण खाली नेणारे थांबलेले असतात. खिडकीपाशी दहा मिनिटे उभे राहावेसे वाटले तरी तो तीन मिनिटांत "झालं" म्हणतो. मी तेच केले. ती अक्षरे पाहिली खरी, वाचायचा प्रयत्न करायला सवड झाली नाही. शिवाय वाहणाऱ्याच्या पाठीचाही विचार येतो. तीही कुणाची तरी पाठच असते.

साठ सेंटिमीटरचा हिशेब

आता मोजमाप. चाकांच्या खुर्चीसाठी उताराचे सर्वमान्य प्रमाण एकास बारा आहे: एक सेंटिमीटर चढायला बारा सेंटिमीटर लांबी. वीस सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या म्हणजे साठ सेंटिमीटर. त्यासाठी सात मीटर वीस सेंटिमीटर लांबीचा उतार लागतो. या प्रवासात एका ठिकाणी मला उतार दिसला तो जेमतेम अडीच मीटरचा होता. त्यावर खुर्ची ढकलताना माझ्या भाचीला धाप लागली आणि उतरताना तर ती खुर्चीच्या पुढे येऊन उलटी चालत उतरली. तो उतार बांधणाऱ्याची इच्छा चांगली असणार, पण त्याने भागाकार केला नव्हता.

प्रवासात अशाच लहान आकड्यांवर दिवस ठरतो. मी लॉजला फोन करतो तेव्हा "अपंगांसाठी सोय आहे का?" असे विचारत नाही, कारण उत्तर नेहमी "आहे, या" असते. दारापाशी पायऱ्या किती, लिफ्टपर्यंत पोहोचण्याआधी पायरी आहे का, न्हाणीघराच्या दाराची रुंदी किती, हे विचारतो. माझी खुर्ची पासष्ट सेंटिमीटर रुंद आहे. दार साठचे असेल तर बाकी सगळे व्यर्थ. आणि जिथे शौचालयाची खात्री नसते तिथे मी सकाळपासून पाणी पीत नाही. दख्खनच्या उन्हात याचा अर्थ काय होतो, हे वाचकांनीच समजून घ्यावे.

विजापूर यासाठी वाईट शहर नाही. ते पठारावर वसलेले, सपाट आहे. रेल्वे स्थानक गोलघुमटाजवळच आहे. बारा कमानीच्या अपुऱ्या कमानी रस्त्यावरूनही मनसोक्त पाहता येतात. अडचण शेवटच्या काही पायऱ्यांची असते. बुरुजांवरची गोष्ट निराळी. उपली बुरूज सुमारे २४ मीटर उंच, बाहेरून वळसा घेत जाणाऱ्या पायऱ्यांचा. तिथे खुर्ची जाणार नाही आणि जावी अशी माझी मागणीही नाही. पण शेरझा बुरुजावर मलिक-ए-मैदान तोफ आहे. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली, पुढे परांड्याहून इथे आणलेली, वजन सुमारे ५५ टन. सतराव्या शतकातल्या माणसांनी ती बुरुजावर चढवली. जुन्या वास्तूत काही करता येत नाही, असे कुणी म्हणाले की मला ही तोफ आठवते.

"शक्य तेवढे" कोण ठरवणार?

संयुक्त राष्ट्रांच्या अपंगविषयक कराराला भारताने २००७ मध्ये मान्यता दिली. त्याचे तिसावे कलम म्हणते की अपंग व्यक्तींना राष्ट्रीय सांस्कृतिक महत्त्वाच्या स्मारकांमध्ये शक्य तेवढा प्रवेश मिळावा. आपला २०१६ चा दिव्यांग हक्क कायदाही सार्वजनिक इमारती सुगम करण्यास सांगतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेचे निकष केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवता येणार नाहीत, काही किमान निकष बंधनकारक हवेत, असा निकाल दिला. म्हणजे कागद पुरेसा आहे. प्रश्न उरतो तो "शक्य तेवढे" या दोन शब्दांचा.

या शब्दांना मी नावे ठेवत नाही. दगडावर माझेही प्रेम आहे. अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिसवर डिसेंबर २०२० मध्ये नवी लिफ्ट सुरू झाली आणि वर काँक्रीटच्या वाटा झाल्या. त्या वाटांवर काही पुरातत्त्वज्ञांनी कठोर टीका केली. त्या वादात दोन्ही बाजूंना काही ना काही खरे सांगायचे होते. जतनशास्त्राचे एक तत्त्व इथे उपयोगी पडते: जे नव्याने जोडायचे ते मूळ दगडाला इजा न करता पुन्हा काढता यावे. लाकडाचा किंवा लोखंडी चौकटीचा सुटा उतार या तत्त्वात बसतो. गोलघुमटाच्या मनोऱ्यात लिफ्ट बसवण्यासाठी भिंत फोडणे बसत नाही; तसे कुणी सुचवले तर मी स्वतः विरोध करीन.

पण जे शक्य नाही, त्याच्या जागी काय, हेही सांगितले पाहिजे. सज्जा वर असला तरी त्याचे चित्रण खाली दाखवता येते. कमानींच्या गुंफणीची हाताने चाचपता येईल अशी लाकडी प्रतिकृती ठेवता येते. ती अंध वाचकाच्याही उपयोगाची. कोणत्या वास्तूला किती पायऱ्या आहेत, याचा फलक तर तिकीट-खिडकीवर आजही लावता येईल. त्याला खर्च एका पाटीचा.

गेल्या वर्षी मी भाचीला एकटीला सज्जात पाठवले. ती खाली आली आणि म्हणाली, "मामा, वर सगळे ओरडतच होते. कुजबुज काही ऐकू आली नाही." मग ती माझ्या खुर्चीशेजारी फरशीवर बसली आणि मी तिला आठ कमानी एकेक करून दाखवल्या. सहाव्या कमानीपाशी ती चुकली, पुन्हा पहिलीपासून मोजू लागली.

दिवाळीच्या सुटीत वाचकांपैकी अनेक जण एखाद्या जुन्या शहरात जातील. जाल तिथल्या जोत्याच्या पायऱ्या मोजा आणि प्रवासाच्या टिपणात तो आकडा लिहा. शाळेची सहल नेणाऱ्या शिक्षकांना मात्र थोडे अधिक सांगायचे आहे. जे मूल खाली राहणार असेल, त्याच्याजवळ डबे ठेवण्याआधी पाच मिनिटे बसा आणि तिथून काय दिसते ते त्याला दाखवा.