न रडणाऱ्या बाळाची वेदना

अपुऱ्या दिवसांच्या बाळास वेदना जाणवत नाहीत, अशी वैद्यकात पूर्वी समजूत होती; शस्त्रक्रियेतही त्यास भूल बेताचीच देत. इंदूरला तुकोगंजापासून जवळच असलेल्या महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या डॉ. कंवलजीत सिंग आनंद यांनी ऑक्सफर्ड येथे संशोधन केले आणि पुरेशी भूल मिळालेली बाळे अधिक चांगली सावरतात, हे १९८७ साली दाखवून दिले.

टाचेतून रक्त घेणे मोठ्यांना किरकोळ वाटते. परंतु अशा बाळास पुष्कळदा रडण्याचेही बळ नसते; त्याचे मौन म्हणजे स्वास्थ्य नव्हे. उपाय साधे आहेत. आईने बाळास उघड्या छातीशी धरावे. सुई टोचण्यापूर्वी सुमारे २ मिनिटे परिचारिकेने आईच्या दुधाचे किंवा डॉक्टरांनी ठरविलेल्या साखरपाण्याचे मोजके थेंब जिभेवर सोडावेत. साखरपाणी घरी मात्र देऊ नये. हे उपाय मागून घेण्यास मातेने संकोचू नये.