जिभेला आंबट, म्हणून लघवीला आम्ल?
गाउट, युरिक ॲसिड आणि आहार : गैरसमज आणि वस्तुस्थिती

माझ्या काकांच्या फ्रिजवर वर्षभर एक कागद चिकटवलेला होता. वर लाल शाईत ‘बंद’ आणि खाली यादी : टोमॅटो, पालक, फ्लॉवर, मशरूम, सगळ्या डाळी, लिंबू, चिंच, दही. एका पहाटे त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा सुजून लालबुंद झाला होता. ठणका असा की पांघरुणाचा स्पर्शही सोसवेना. रक्तातलं युरिक ॲसिड 8.9 निघालं, गाउटचं निदान झालं आणि आठवडाभरात शेजारीपाजारी, नातेवाईक आणि मोबाइलवरचे संदेश यांच्या सल्ल्यांतून ही यादी तयार झाली. काकूंनी वरणावर लिंबू पिळणं सोडलं. जेवणानंतरचं ताक गेलं. खोक्यातला फळांचा रस, शनिवारची बिअर आणि सुक्या जवळ्याची चटणी मात्र यादीत नव्हती, त्यामुळे ती चालूच राहिली.

या यादीच्या मुळाशी एक समजूत आहे : आंबट खाल्लं की अंगात आम्ल वाढतं आणि आम्ल वाढलं की गाउट उसळतो. ही समजूत घरोघरी आहे. तिच्यापायी माणसं चांगलं अन्न सोडतात आणि त्रासाचं अन्न खात राहतात. म्हणून एकेक मुद्दा नीट पाहू.

गैरसमज 1 : आंबट पदार्थांनी लघवी आम्ल होते

वस्तुस्थिती : पदार्थ जिभेला कसा लागतो, यावर लघवीची आम्लता ठरत नाही. पदार्थ पचून शेवटी काय उरतं, यावर ती ठरते.

लिंबाच्या रसात पीएच मोजायची पट्टी बुडवली की ती क्षणात लाल होते. आकडा 2 ते 3 च्या दरम्यान येतो. पण रसातलं सायट्रिक आम्ल शरीरात जळतं, त्याचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं आणि कार्बन डायऑक्साइड श्वासावाटे निघून जातो. फळं आणि भाज्यांमधली अशी आम्लं बरीचशी पोटॅशियमच्या क्षारांच्या रूपात असतात. ती जळली की मागे बायकार्बोनेट उरतं आणि ते आम्लता कमी करतं. केळं, बटाटा, पालक, मनुका, संत्रं हे सगळे या गटातले. लिंबात पोटॅशियम त्या मानाने कमी, म्हणून त्याचा हा परिणाम सौम्य. पण लिंबामुळे लघवी आम्ल होते, हे खरं नाही.

मटण, चिकन, मासे, अंडी यांना आंबट चव नसते. पण त्यांच्या प्रथिनांमध्ये गंधक असतं. ती पचताना गंधकाचं सल्फ्युरिक आम्ल बनतं आणि ते मूत्रपिंडांना लघवीतूनच बाहेर टाकावं लागतं. रेमर आणि मान्झ या संशोधकांनी 1995 मध्ये पदार्थांचा असा आम्लभार मोजायची पद्धत मांडली. 100 ग्रॅमला चिकनचा भार साधारण अधिक 9, पालकाचा उणे 14, मनुकांचा उणे 21. दूध जवळजवळ शून्यावर. तांदूळ आणि गहू अधिक बाजूला. ताटात पोळी-भात भरपूर आणि भाजी चमचाभर असेल, तर शाकाहारी माणसाची लघवीही आम्लतेकडे झुकू शकते.

गैरसमज 2 : अल्कलाइन आहाराने रक्तच अल्कलाइन होतं

वस्तुस्थिती : रक्ताचा पीएच 7.35 ते 7.45 एवढ्या अरुंद पट्ट्यात राहतो. फुप्फुसं आणि मूत्रपिंडं तो तिथून हलू देत नाहीत. लघवीचा पीएच मात्र साधारण 4.5 ते 8 पर्यंत बदलतो, कारण शरीर जास्तीचं आम्ल किंवा अल्क तिच्यातूनच बाहेर काढतं. आहाराने लघवी बदलते, रक्ताचा पीएच बदलत नाही. म्हणून ‘रक्त शुद्ध करणाऱ्या’ महागड्या अल्कलाइन पाण्यावर पैसे घालवू नयेत.

गैरसमज 3 : लघवीची आम्लता कमी झाली की सांध्यातले खडे विरघळतात

वस्तुस्थिती : रक्त, सांधा आणि लघवी या तीन वेगळ्या जागा आहेत. त्यांची गल्लत झाली की पथ्य चुकतं.

सांध्यात साचतात ते युरेटचे सुईसारखे बारीक स्फटिक. रक्तातलं प्रमाण दर डेसिलिटरला साधारण 6.8 मिलिग्रॅमच्या वर गेलं की ते साचू लागतात. ते विरघळवायचे तर रक्तातला आकडा दीर्घकाळ 6 च्या खाली ठेवावा लागतो. लघवीचा पीएच सांध्यापर्यंत पोहोचत नाही.

मग लघवीच्या आम्लतेला महत्त्व कुठे? मुतखड्यात. 1776 मध्ये स्वीडनच्या कार्ल शेले यांना युरिक ॲसिड पहिल्यांदा सापडलं ते मूत्रमार्गातल्या खड्यातच. ते पाण्यात किती विरघळेल हे पीएचवर अवलंबून असतं. पीएच 5 असेल तर एक लिटर लघवीत ते जेमतेम 150 मिलिग्रॅम मावतं. पीएच 7 असेल तर 1,500 ते 2,000. समजा, एखाद्याच्या लघवीतून दिवसाला 600 मिलिग्रॅम युरिक ॲसिड जातं. पीएच 5 ला ते सगळं विरघळलेलं राहायला चार लिटर लघवी लागेल. पीएच साडेसहाच्या आसपास आला की तेवढंच युरिक ॲसिड लिटरभरात सहज मावतं. म्हणूनच गाउटच्या रुग्णाला युरिक ॲसिडचा मुतखडा झाला, तर डॉक्टर पोटॅशियम सायट्रेट देऊन पीएच 6 ते 6.5 च्या घरात आणतात. असे खडे औषधाने विरघळूही शकतात. मराठवाडा-विदर्भाच्या उन्हाळ्यात घाम जाऊन लघवी घट्ट होते, तेव्हा पाण्याचं महत्त्व आणखी वाढतं. दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्यावं. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर बंधन असेल, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच.

आहाराचा आणखी एक परिणाम नोंदवला गेला आहे. जपानी संशोधकांनी 2010 मध्ये निरोगी व्यक्तींना काही दिवस आम्लभाराचा आणि काही दिवस अल्कभाराचा आहार दिला. लघवीचा पीएच 5.9 वरून 6.5 वर गेला, तेव्हा रोज बाहेर पडणारं युरिक ॲसिड 302 वरून 413 मिलिग्रॅम झालं. म्हणजे भाज्या-फळांचं ताट युरिक ॲसिड बाहेर टाकायला मदत करू शकतं. पण हा प्रयोग निरोगी माणसांवरचा आणि थोड्या दिवसांचा होता. त्यावरून गाउट बरा होतो असं म्हणता येणार नाही.

लघवी आम्ल असण्याचं कारण फक्त जेवणातच असतं असंही नाही. पोटाचा घेर वाढलेला असेल, मधुमेह असेल, तर मूत्रपिंडं अमोनिया कमी बनवतात आणि लघवीची आम्लता वाढते. लघवीचा पीएच दिवसभरात वरखालीही होतो. त्यामुळे एकदाच लावलेल्या पट्टीवर फार विसंबू नये.

गैरसमज 4 : डाळी, पालक, मशरूम, दही पूर्ण बंद

वस्तुस्थिती : डाळी आणि पालकात प्युरीन, म्हणजे ज्याच्यापासून शरीरात युरिक ॲसिड बनतं तो घटक, असतं, हे खरं. पण अमेरिकेत 47,150 पुरुषांची 12 वर्षं नोंद ठेवून 2004 मध्ये जो मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात प्युरीनयुक्त भाज्या आणि डाळींचा गाउटशी संबंध दिसला नाही. मांस आणि समुद्री मासे जास्त खाणाऱ्यांत गाउट वाढलेला दिसला. दुधाचे पदार्थ घेणाऱ्यांत तो कमी होता. म्हणजे ‘आंबट’ म्हणून बंद झालेलं ताक-दही उलट उपयोगाचंच होतं.

टोमॅटोबाबत थोडं थांबून बोलायला हवं. न्यूझीलंडमधल्या बऱ्याच रुग्णांनी तो खाल्ल्यावर झटका आल्याचं सांगितलं आहे. एखाद्या पदार्थाने तुम्हाला पुन्हा पुन्हा त्रास होत असेल, तर वहीत नोंद ठेवा आणि तो तेवढा टाळा. सगळ्यांनी सोडायचं कारण नाही. कॅल्शियम ऑक्झलेटचा मुतखडा असलेल्यांनी पालकाबद्दल डॉक्टरांशी बोलावं.

गैरसमज 5 : मटण सोडलं की झालं

वस्तुस्थिती : कलेजी, तारली, सुका जवळा, मांदेळी जपूनच खावीत, कारण ती प्युरीनही देतात आणि आम्लभारही. पण शीतपेयं, गोड रस, साखर घातलेली सरबतं यांचं काय? साखरेतलं निम्मं फ्रुक्टोज असतं. यकृतात ते वापरलं जाताना पेशींचा ऊर्जासाठा भराभर खर्च होतो आणि त्या मोडतोडीतून युरिक ॲसिड बनतं. दारूने, विशेषतः बिअरने, आकडा वाढतो. रक्तदाबासाठी दिलेल्या लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांनीही वाढतो. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

गैरसमज 6 : रोज चमचाभर खायचा सोडा घ्यावा

वस्तुस्थिती : सोड्याने लघवीचा पीएच वाढतो खरा. पण एका चमच्यात 1,200 मिलिग्रॅमहून जास्त सोडियम असतं. रक्तदाब, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्याला ते धोक्याचं आहे, आणि गाउटच्या बऱ्याच रुग्णांना यातलं काहीतरी असतंच. पीएच 7 च्या वर फार काळ राहिला, तर कॅल्शियम फॉस्फेटचे खडे होऊ शकतात. पोटॅशियम सायट्रेटही तपासण्या करूनच घ्यायचं. मूत्रपिंड दुबळं असेल तर पोटॅशियम वाढून हृदयाची लय बिघडू शकते. अशा रुग्णाने फळं-भाज्यांचं प्रमाणही विचारून ठरवावं.

गैरसमज 7 : पथ्य कडक पाळलं की गोळीची गरज नाही

वस्तुस्थिती : शरीरातलं सुमारे दोन तृतीयांश युरिक ॲसिड आपल्याच पेशींच्या मोडतोडीतून येतं. बहुतेक रुग्णांत मूळ अडचण असते ती मूत्रपिंडांतून ते कमी बाहेर पडण्याची, आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. आहाराने आकडा सहसा 1 मिलिग्रॅमच्या आसपास उतरतो. 8.9 वरून 6 च्या खाली यायला तो पुरत नाही, तिथे ॲलोप्युरिनॉल किंवा फेब्युक्सोस्टॅटसारखी औषधं लागतात. यात रुग्णाचा दोष नाही. ‘तुम्ही पथ्य पाळलं नाही’ हे वाक्य घरच्यांनी बोलू नये, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

काकांच्या फ्रिजवरून ‘बंद’चा कागद आता उतरला आहे. त्यांच्या डॉक्टरांनीच तो काढायला सांगितला आणि गोळी सुरू केली. बिअर आणि खोक्यातला रस थांबला. वाटीभर भाजीची जागा दोन वाट्यांनी घेतली, ताक परत आलं आणि काकू पुन्हा वरणावर लिंबू पिळू लागल्या. आता तिथे एक छोटा कागद आहे, तपासणीनंतर काका त्यावर आकडा लिहितात : 8.9, 7.4, 6.3, 5.7. शेवटच्या आकड्याखाली त्यांनी दोन रेघा ओढल्या आहेत.