अनुसूची आणि संगणकावरील यादी

शिष्यवृत्तीचा अर्ज आता संगणकावर भरावा लागतो. जिल्हा, तालुका, धर्म, प्रवर्ग यांपैकी कोणत्याही रकान्यावर टिचकी मारली की खाली पर्यायांची यादी उघडते. तिलाच ‘ड्रॉपडाउन’ म्हणतात. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याचा अर्ज भरताना अशाच यादीत आम्हांस ‘बौद्ध’ हा पर्याय आढळला नाही. त्याच संकेतस्थळाच्या दुसऱ्या पानावर मात्र तो होता! ‘इतर’ निवडा, असा सल्ला मिळाला. तो मानला असता, तर दाखल्यावरील व अर्जावरील नोंदींत तफावत पडून अर्ज नामंजूर होण्याची भीती होती.

असे का घडते, हे आम्ही आमच्याच एका माजी विद्यार्थ्याकडून समजून घेतले. जावा भाषेत रचलेल्या संकेतस्थळावर यादी दोन प्रकारे देता येते. पहिला प्रकार, प्रत्येक पानात एकेक पर्याय हाताने लिहिणे. यात एका पानावरची दुरुस्ती दुसऱ्या पानावर राहून जाते. दुसरा प्रकार, यादी एकदाच डेटाबेसमध्ये ठेवणे. अर्ज उघडताच जावाचा प्रोग्राम ती वाचतो आणि एक नाव देऊन पानाच्या स्वाधीन करतो. पानात केवळ टॅग असतात. जेएसटीएल या टॅग लायब्ररीतील ‘फॉरइच’ टॅग प्रत्येक नोंदीमागे एक पर्याय लिहितो. स्प्रिंगमधील ‘सिलेक्ट’ टॅग हेच काम करून पूर्वी निवडलेला पर्यायही कायम राखतो. प्रत्येक नोंदीचे दोन भाग असतात : आपल्याला दिसणारे नाव आणि सर्व्हरकडे जाणारा संकेतांक. त्यामुळे नावाचे शुद्धलेखन सुधारले, तरी जुने अर्ज बिघडत नाहीत. मात्र परत आलेला संकेतांक यादीतलाच आहे ना, हे सर्व्हरने पुन्हा तपासावे लागते.

याद्या बदलत असतात, हे वऱ्हाडाला सांगावयास नको. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला. रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा हे तालुके वाशीमसह त्यात गेले. असा बदल डेटाबेसमध्ये एकदा केला की तेथून यादी घेणाऱ्या सर्व पानांवर तो दिसतो.

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हांस यात आणखी काही दिसते. ‘अनुसूचित’ म्हणजेच यादीत नोंदलेला. १९५० च्या आदेशातील अनुसूचित जातींच्या व्याख्येत शिखांचा समावेश १९५६ मध्ये झाला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांसह लाखोंनी धम्मदीक्षा घेतली. पण त्या आदेशात ‘बौद्ध’ हा शब्द येण्यास १९९० साल उजाडले. चौतीस वर्षांच्या संघर्षाने कायद्यात आलेला शब्द एखाद्या पानावर लिहावयाचा राहिला, म्हणून मुलाची शिष्यवृत्ती अडावी काय?

म्हणून पालकांस विनंती, की ‘इतर’ निवडून पुढे जाऊ नका. तक्रार लेखी नोंदवा आणि तिची पोच जपून ठेवा. संगणक क्षेत्रातील माजी विद्यार्थ्यांस एवढेच सांगणे, की यादी एकाच ठिकाणी ठेवा आणि अर्ज खुला करण्यापूर्वी ती कायद्याशी ताडून पाहा.